समाधानी असणे आणि समाधान होणे : नागरी सेवांच्या सर्वेक्षणांचा भारतीय इतिहास

१

१९९३ साली बेंगळुरूमधील सर्वसाधारण वस्त्यांत आणि झोपडपट्ट्यांत एक प्रश्नावली घरोघर फिरली. तीतील प्रश्न साधे होते. महानगरपालिका, विकास प्राधिकरण, वीज मंडळ, पाणीपुरवठा मंडळ, दूरध्वनी खाते, सरकारी रुग्णालये यांपैकी कोणाकडे अलीकडे काम पडले होते. त्या कामासाठी किती खेपा घालाव्या लागल्या. कर्मचारी कसे वागले. अडचण सुटली की नाही. चिरीमिरी द्यावी लागली काय. आणि अखेरीस, या साऱ्या व्यवहाराविषयी उत्तरदाता कितपत समाधानी आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालकपद भूषविलेले आणि पुढे जागतिक बँकेत सल्लागार म्हणून काम केलेले अर्थशास्त्रज्ञ सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकाराने हे सर्वेक्षण झाले. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सर्व यंत्रणा मिळून समाधानी नागरिकांचे प्रमाण सरासरी ९ टक्के भरले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या बाबतीत ते अवघे १ टक्का होते.

या आकड्यांची प्रशासनशास्त्रात पुढे पुष्कळ चर्चा झाली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात सहसा रस वाटत नाही, कारण टक्केवारी ही त्याला भाषेच्या पलीकडची गोष्ट वाटते. वस्तुतः प्रत्येक टक्क्यामागे एक उच्चारलेले वाक्य असते. कोणीतरी ते विशिष्ट भाषेत, दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला उद्देशून बोललेले असते. बेंगळुरूसारख्या शहरात ते कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषांतून येते आणि तक्त्यात शिरताना एकाच इंग्रजी रकान्यात बसते. म्हणून नागरी सेवांविषयीचे समाधान मोजणाऱ्या सर्वेक्षणांचा इतिहास हा एका अर्थाने भाषांतराचाही इतिहास आहे. त्या भाषांतरात काय टिकते आणि काय गळते, यावर नागरिकाच्या शब्दाचे वजन ठरते. हा इतिहास पाहताना सर्वेक्षण येण्यापूर्वी नागरिकाचे म्हणणे कोणत्या रूपाने नोंदले जात होते, तेथून आरंभ करणे अगत्याचे आहे.

२

एकोणिसाव्या शतकात शासनाविषयीची नाराजी मुख्यतः अर्जाच्या रूपाने व्यक्त होई. अर्जाला कर्ता असे, सही असे, आणि तो कोणाला उद्देशून आहे हेही स्पष्ट असे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांनी लोकांकडून मुखत्यारनामे आणले होते. अमुक इतक्या माणसांनी आपल्याला बोलण्याचा अधिकार दिला आहे, हे कागदावर दाखवल्यावाचून लोकांच्या वतीने बोलता येत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. प्रातिनिधिकतेची ही कल्पना कायद्याच्या भाषेतून आलेली होती.

विसाव्या शतकात तिच्या शेजारी दुसरी कल्पना येऊन उभी राहिली. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६–३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचा अहवाल १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. निवडक कुटुंबांची माहिती घेऊन अवघ्या शहराविषयी विधान करण्याची ही रीत होती. येथे मुखत्यारनाम्याची जागा नमुना निवडीने घेतली. कुटुंबाने कोणालाही आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दिलेला नव्हता. तरीही ते आपल्यासारख्या अनेकांचे प्रतिनिधी ठरत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या पद्धतीचा मोठा विस्तार झाला. नियोजन आयोगाच्या संशोधन कार्यक्रम समितीने निरनिराळ्या विद्यापीठांकडून आणि संस्थांकडून अनेक शहरांच्या पाहण्या करविल्या. पुण्याची फेरपाहणी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईविषयीचा द. ता. लकडावाला यांचा ग्रंथ १९६३ मध्ये आला, तर दिल्लीविषयीचा व्ही. के. आर. व्ही. राव आणि प्र. ब. देसाई यांचा ग्रंथ १९६५ मध्ये. या अभ्यासांनी माणशी उत्पन्न, खोल्यांची संख्या, स्थलांतर, बेकारी यांविषयी जी माहिती दिली तिचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु त्यांच्या प्रश्नांचा रोख वस्तुस्थितीवर होता. घरात नळ आहे की नाही, हे विचारले जाई. नळाला पाणी येत नसेल तर त्याविषयी त्या घराला काय वाटते, हा पाहणीचा मुख्य विषय नव्हता. योजनाकार शहराकडे पाहत होता आणि शहरवासी हा पाहिला जाणारा घटक होता.

उत्तरदात्याला परीक्षकाच्या जागी बसवण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९७० च्या दशकात पद्धतशीरपणे सुरू झाला. वॉशिंग्टनमधील अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने नगरपालिकांनी नागरिकांचे अभिप्राय कसे मिळवावेत याची पुस्तिका १९७३ मध्ये काढली. भारतात हे वळण दोन दशकांनी आले, आणि ते शासनाकडून न येता शासनाबाहेरून आले. बेंगळुरूचे वैशिष्ट्य येथे आहे.

३

पॉल यांनी आपल्या सर्वेक्षणाला दिलेले नाव लक्षणीय आहे. इंग्रजीत त्याला ‘रिपोर्ट कार्ड’ म्हटले गेले. मराठीत त्याला ‘प्रगतिपुस्तक’ म्हणावे लागेल. शाळेचे प्रगतिपुस्तक गुरुजी भरतात आणि पालक त्यावर सही करतात. विद्यार्थ्याला त्यात बोलण्यास जागा नसते. या रूपकात शासन विद्यार्थी झाले आणि नागरिक परीक्षक. ज्या समाजात कचेरीत जाणारा माणूस ‘साहेब’ म्हणून हात जोडून उभा राहतो, त्या समाजात हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. शासनसंस्थांची गुणानुक्रमे यादी वृत्तपत्रांतून छापून येणे हीच एक नवी घटना होती. तोपर्यंत खात्यांची निंदा होई, पण ती सरसकट असे. ‘सगळे सारखेच’ या वाक्यात कोणीच उत्तरदायी ठरत नाही. तुलनेने ते वाक्य मोडले.

दुसरे वैशिष्ट्य प्रश्नांच्या क्रमाचे. समाधानाचा प्रश्न अनुभवाच्या प्रश्नांनंतर येई, आणि ज्याचे त्या खात्याकडे प्रत्यक्ष काम पडले होते त्यालाच तो विचारला जाई. खेपा किती, विलंब किती, पैसे किती, हे आठवल्यावर माणूस जे मत देतो ते ऐकीव मताहून वेगळे असते. या उत्तरांत कथनाचा अंश होता. प्रत्येक कुटुंबाने कचेरीची एक छोटी हकिकत सांगितली होती. तक्त्याने तिचे शीर्षक तेवढे ठेवले.

पॉल यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने बेंगळुरूचे सर्वेक्षण १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा केले. समाधानाची सरासरी ९ टक्क्यांवरून प्रथम ३४ टक्क्यांवर आणि नंतर ४९ टक्क्यांवर गेली. या वाढीचे श्रेय एकट्या सर्वेक्षणाला देता येत नाही. १९९९ मध्ये सत्तेवर आलेल्या एस. एम. कृष्णा यांच्या सरकारने नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्स नेमला. त्याच्या जाहीर बैठकांत निरनिराळ्या यंत्रणांचे प्रमुख आपल्या कामाचा हिशेब लोकांसमोर मांडू लागले. मालमत्ता कराची स्वयंमूल्यांकन पद्धत २००० मध्ये आली. दूरध्वनीसारख्या क्षेत्रात तंत्रज्ञान आणि स्पर्धा यांनीच चित्र पालटले. सर्वेक्षणाने या बदलांना एक मापदंड पुरवला आणि प्रश्न विस्मरणात जाऊ दिला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

यात एक तपशील विशेष बोलका आहे. १९९९ च्या फेरीत समाधान वाढलेले दिसले, पण लाचखोरी घटलेली दिसली नाही. ती घटल्याचे चित्र २००३ मध्ये आले. म्हणजे काम झाले की माणूस समाधानी होतो, मग त्यासाठी त्याला पैसे मोजावे लागले असले तरीही. समाधानाचा आकडा आणि न्यायाचा आकडा एकाच दिशेने चालतील असे नाही. ज्या पाहणीत समाधानाचा एकच प्रश्न असेल, तिला हे कधीच कळणार नाही.

४

येथे ‘समाधान’ या शब्दाकडेच वळणे आवश्यक ठरते. इंग्रजी ‘सॅटिस्फॅक्शन’ हा शब्द ‘पुरेसे करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून आला आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेत तो पापक्षालनाच्या एका अंगासाठी वापरला जाई, आणि कायद्याच्या भाषेत ऋण फेडण्यासाठी. म्हणजे मुळात ती देणेकऱ्याने करावयाची कृती होती; ऋणकोने पुरेसे केले की धनको तृप्त ठरतो. हा शब्द भारतीय भाषांत उतरताना निरनिराळी रूपे घेतो. कन्नडमध्ये ‘तृप्ति’ आणि तमिळमध्ये त्याचेच रूप ‘तिरुप्ति’; या शब्दाच्या मुळाशी भूक भागण्याची प्रतिमा आहे. हिंदी आणि बंगाली यांतील ‘संतुष्ट’ हा संतोषाशी, म्हणजे मनाच्या प्रसन्नतेशी, नाते सांगतो. उर्दूतील ‘मुतमइन’ या शब्दात निश्चिंतीचा, खात्री पटण्याचा भाव आहे. एकाच गल्लीतील चार घरांनी एकाच नळाविषयी उत्तर दिले, तरी एकाने भुकेच्या, दुसऱ्याने प्रसन्नतेच्या, तिसऱ्याने निश्चिंतीच्या भाषेत ते दिलेले असू शकते.

मराठी ‘समाधान’ या शब्दाला तर दोन वेगळे इतिहास आहेत. संतवाङ्मयाने त्याला चित्ताचा गुण मानले. परिस्थिती कशीही असो, मन स्थिर ठेवणारा तो समाधानी. या परंपरेत समाधानी असणे ही माणसाची थोरवी आहे आणि सतत असमाधान व्यक्त करणे हा स्वभावदोष. दुसरा इतिहास शास्त्रचर्चेचा. तेथे ‘शंका’ आणि ‘समाधान’ ही जोडी आहे. पूर्वपक्षाने आक्षेप घ्यावा, सिद्धान्तपक्षाने त्याचे निरसन करावे. येथे समाधान हा मनाचा गुण नाही. ते दुसऱ्या पक्षावरचे उत्तरदायित्व आहे, आणि ते झाले की नाही हे शंका घेणाराच ठरवतो.

मराठी वाक्यरचना हा भेद काटेकोरपणे जपते. ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ हा प्रश्न माणसाच्या वृत्तीविषयी आहे. ‘तुमचे समाधान झाले काय?’ हा प्रश्न घडलेल्या व्यवहाराविषयी आहे. पहिल्याला नकार देणे म्हणजे स्वतःच्या तक्रारखोरपणाची कबुली देणे. दुसऱ्याला नकार देणे म्हणजे समोरच्याने आपले काम पुरे केले नाही असे सांगणे. सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांत मात्र पहिल्या घडणीची वाक्ये सहज येतात, कारण इंग्रजी मूळ वाक्याच्या ती जवळची असतात. ज्या वस्तीत पाहुण्यासमोर आपल्या घराचे रडगाणे गाऊ नये असा संस्कार आहे, तेथे ‘समाधानी आहात काय’ याला ‘आहोत, चाललंय’ असेच उत्तर येते. त्या उत्तरातून नळाला पाणी किती वेळ येते हे कळत नाही. दारात आलेल्या माणसाशी कसे बोलावे याविषयीची रीत तेवढी कळते.

५

हा प्रश्न केवळ मराठीचा किंवा भारताचा नाही. ब्रायन स्टिपॅक यांनी १९७९ मध्येच असा इशारा दिला होता की नागरिकांचे समाधान हे सेवेच्या गुणवत्तेचे माप म्हणून वापरल्यास दिशाभूल होऊ शकते, कारण दोहोंतील संबंध क्षीण असतो. पुढे न्यूयॉर्कमधील माहितीच्या आधारे ग्रेग व्हॅन रायझिन यांनी २००४ मध्ये दाखवले की समाधान हे सेवेइतकेच अपेक्षेवर अवलंबून असते. अपेक्षा आणि अनुभव यांच्यातील अंतर माणूस मोजत असतो. ज्याची अपेक्षाच खुंटलेली आहे त्याला थोडक्यात समाधान लाभते. तत्त्वज्ञ जॉन एल्स्टर यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथाला कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांचे नाव दिले ते याच संदर्भात. न मिळणारी वस्तू नकोशी मानून घेण्याची ही मानवी युक्ती इसापापासून मराठी म्हणींपर्यंत सर्वत्र ओळखीची आहे.

अमर्त्य सेन यांनी आरोग्याच्या संदर्भात २००२ मध्ये मांडलेले उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. केरळात आयुर्मान उंच, आणि आपण आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही मोठे. बिहारात आयुर्मान कमी, आणि आजार सांगणाऱ्यांचे प्रमाणही कमी. लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर विसंबले तर बिहार निरोगी ठरेल. शिक्षण आणि दवाखाने यांमुळे केरळी माणसाला आजार ओळखता येतो आणि त्यावर उपाय आहे हेही ठाऊक असते. नागरी सेवांच्या बाबतीत याचा अर्थ असा की असमाधान वाढणे हे कधी कधी प्रगतीचे चिन्ह असते. वर्षानुवर्षे सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्या वस्तीला घरात नळ मिळाला की काही काळ समाधान वाढते. मग पाण्याचा दाब, वेळ, शुद्धता यांविषयीचे प्रश्न सुरू होतात आणि ते घटते. नळ पूर्वीहून वाईट झालेला नसतो. आपल्याला काय मिळायला हवे याची जाणीव तेथे रुजलेली असते.

या उलट दिशेनेही आकडा फसवू शकतो. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये केलेले विवेचन पॉल यांच्या विचारालाही उपकारक ठरले होते. सेवा बिघडली की माणूस एक तर ती सोडून जातो किंवा आवाज उठवतो. शहरातील सुस्थित कुटुंब कूपनलिका खोदते, टँकर मागवते, जनित्र बसवते, मुलांना खाजगी शाळेत घालते. ते सार्वजनिक सेवेतून मुकाट्याने बाहेर पडलेले असते. त्याच्या उत्तरातील समाधान हे नगरपालिकेने दिलेले नसते, विकत घेतलेले असते. ज्यांना बाहेर पडणे परवडत नाही त्यांचाच आवाज मागे उरतो, आणि त्यांच्याच अपेक्षा सर्वांत खुंटलेल्या असण्याचा संभव असतो.

६

एकविसाव्या शतकात हे सर्वेक्षण शासनाने स्वतःच्या हाती घेतले. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ मध्ये १११ शहरांचा जीवनसुलभता निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. बेंगळुरू ५८ व्या स्थानी होते. मार्च २०२१ मध्ये पुढील निर्देशांक आला तेव्हा दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत बेंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे ठरले. मधल्या काळात शहर इतके पालटले नव्हते. मोजण्याची पद्धत पालटली होती. या दुसऱ्या निर्देशांकात नागरिकांच्या मतांना ३० टक्के भार देण्यात आला आणि सुमारे ३२ लाख लोकांचे अभिप्राय घेण्यात आले. गंमत अशी की केवळ नागरिकांच्या मतांचा विचार केला असता पहिला क्रमांक भुवनेश्वरचा होता. शहराच्या सुलभतेविषयी तज्ज्ञांची मोजमापे एक सांगत होती आणि रहिवाशांची उत्तरे दुसरेच.

प्रगतिपुस्तकाचे रूपक येथे नकळत उलटले. १९९४ मध्ये एकाच शहरातील खात्यांची तुलना होती आणि ती नागरिकाच्या कामाची होती: कोणते खाते सुधारायला हवे हे तीतून कळत असे. क्रमवारीत शहराची तुलना शहराशी होते, आणि तिचा निकाल फलकावर झळकवता येतो. रहिवासी आता आपल्या शहराचा अभिमानी पाठीराखा होऊन उत्तर देतो. परीक्षकाची खुर्ची त्याच्याकडून पुन्हा काढून घेतली गेली, आणि तीही त्याचे मत आदराने विचारून.

याच काळात दुसरी एक घटना घडत होती. बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. २०२५ मध्ये तिच्या जागी पाच नव्या महानगरपालिका येईपर्यंत तेथे पुन्हा निवडणूक झाली नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुखत्यारनामा देण्याची संधी नसताना नागरिकाजवळ नमुना निवडीत येण्याचा योग आणि तक्रारीचा क्रमांक एवढेच उरले. सर्वेक्षण हे प्रतिनिधित्वाला पूरक म्हणून जन्मले होते. त्याच्या जागी ते बसू लागले तर समाधानाचा उंच आकडाही चिंतेचा विषय ठरतो.

७

तक्रारीच्या नोंदींचा विचार या दृष्टीने उपयुक्त आहे. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणारी प्रजा फाउंडेशन ही संस्था घरोघरच्या सर्वेक्षणाबरोबर महानगरपालिकेकडे आलेल्या तक्रारींची माहितीही मिळवते आणि दोहोंची अहवालांतून मांडणी करते. तक्रार ही जुन्या अर्जाची वंशज आहे. तिला तारीख असते, ठिकाण असते, विषय असतो. तक्रारी वाढल्या म्हणजे सेवा बिघडली असे मात्र सरळ म्हणता येत नाही. कोणीतरी ऐकेल असा विश्वास वाढल्यानेही त्या वाढतात. आणि कचेरीच्या दप्तरात तक्रारीच्या अखेरीस जो शब्द लिहिला जातो तो ‘निकाली’ हा असतो. प्रकरण निकाली काढले, म्हणजे कचेरीपुरते ते संपले. शंका घेणाऱ्याचे समाधान झाले की नाही, याची नोंद त्या शब्दात नाही.

अलीकडच्या कायद्यांनी वेगळी भाषा वापरून पाहिली आहे. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये, कर्नाटकाने २०११ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क कायद्याने दिला. दाखला किती दिवसांत मिळावा हे तेथे ठरलेले असते. त्यात उत्तरदात्याच्या मनाची चौकशी नाही. समाधान या शब्दाच्या मूळ लॅटिन अर्थाप्रमाणे देणेकऱ्याने पुरेसे केले की नाही, एवढेच पाहिले जाते. हक्काची ही भाषा कोरडी आहे, पण तिच्यापुढे समाधानी वृत्तीचा आणि तक्रारखोर वृत्तीचा माणूस समान आहेत. मुदतीत मिळालेला दाखला चुकीचा निघाला, किंवा तो मिळवताना अपमान झाला, तर मात्र ती भाषा गप्प राहते, आणि अनुभव विचारणाऱ्या सर्वेक्षणाची गरज पुन्हा जाणवते.

बेंगळुरूच्या पहिल्या सर्वेक्षणाचे मोल या साऱ्या पार्श्वभूमीवर नेमके सांगता येते. त्याने समाधान विचारण्याआधी खेपा विचारल्या, चिरीमिरी विचारली, अडचण सुटली काय हे विचारले. त्याचा ९ टक्क्यांचा आकडा गाजला. परंतु त्या आकड्याला अर्थ दिला तो त्याआधीच्या प्रश्नांनी. शहरवासीयांची सर्वेक्षणे पुढेही होत राहतील आणि त्यांच्या प्रश्नावल्या अनेक भारतीय भाषांत उतरवाव्या लागतील. हे काम आजवर बहुधा शेवटच्या टप्प्यावरचे, किरकोळ काम मानले गेले. नागरिकाला त्याच्या वृत्तीविषयी विचारायचे की त्याच्या शंकेच्या निरसनाविषयी, हा निर्णय मात्र त्याच टप्प्यावर, एका क्रियापदाच्या निवडीत होतो.